यादीतलं पहिलं नाव

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

‘दुसऱ्याला शिकवताना थोडंसं स्वतःजवळ ठेवावं गं,’ असं तुझी आत्या, म्हणजे माझी आई, मला एकदा म्हणाली होती. तू तेव्हा कॉलेजसाठी आमच्याकडे राहत होतीस. आपण दोघी जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसलो होतो आणि मी तुला कुलपाची जाहिरात कशी लिहायची ते दाखवत होते. तू पेन्सिलीला टोक काढायला आत गेलीस आणि मटार सोलता सोलता आई हे बोलली. मी हसले. म्हटलं, ‘आई, मामाची मुलगी आहे ती, समोरच्या दुकानाची नाही.’ आईने पुढचा मटार हातात घेतला.

आज हे आठवायचं कारण म्हणजे मामीचा फोन आला होता. तुझे एक लाख फॉलोअर झाले हे ती इतक्या जोरात सांगत होती की मध्ये फोनची गरजच नव्हती. अभिनंदन! मेसेजच करणार होते. पण मेसेज पाठवला की तो वाचल्याची खूण दिसते, आणि मग मी उत्तराची वाट बघत फोन घेऊन बसते. पत्राचं तसं नाही. तू पहिल्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलीस तेव्हा वर्षभर आपण पत्रंच तर लिहीत होतो.

मामी म्हणते, तू रोज सकाळी मिनिटभराचा व्हिडिओ टाकतेस आणि त्यात सोशल मीडियात काय नवं आलं, कसं वापरायचं ते सांगतेस. मला काही बघायला जमत नाही, माझी सकाळची धावपळ तुला माहीतच आहे. पण चांगलंच करत असशील. मोठी बहीण म्हणून दोनच गोष्टी सांगते. मागची ती हिरवी भिंत बदल, चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो. आणि दर वाक्याला ‘तर मंडळी’ म्हणू नकोस.

माझं ठीक चाललंय. याच कुलपांच्या कंपनीत मला आता एकोणीस वर्षं होतील. मार्केटिंगमध्ये मी आणि माझ्या हाताखाली दोन मुली. रोजच्या पोस्ट वगैरे त्या बघतात. मोठ्या मालकांनी कारभार मुलाकडे दिल्यापासून दर आठवड्याला काहीतरी नवं शिकावं लागतं. मी शिकून घेते. अडचण काही नाही.

तुझी,
ताई

२४ जानेवारी

लाडक्या ताई,

तू पाकिटावर चक्क ‘भिंगरी’ लिहिलंस! खालच्या मजल्यावरचे आजोबा ‘इथे भिंगरी कोण?’ असं विचारत तीन मजले चढले. आता सगळी इमारत मला भिंगरी म्हणते. आभारी आहे.

आणि आईने तुला भिंतीचा रंगसुद्धा सांगितला? ‘तर मंडळी’सुद्धा? तिला खरंच दुसरा उद्योग नाही. पण भिंत बदलते. तुझं ऐकलं की माझं वाईट होत नाही.

एक लाख म्हटलं की लोकांना वाटतं, ही आता हवेत असेल. मी कुठे आहे सांगू? खिडकीपाशी, स्टुलावर, समोर चार शब्दकोश एकावर एक आणि त्यावर टेकवलेला फोन. एक दिवस चुकला की आकडे खाली. नवीन काही आलं की दिवसभर त्याच्याशी झटापट करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जन्मापासून येत असल्यासारखं सांगायचं. मी बघणाऱ्यांच्या फक्त एक दिवस पुढे असते, ताई. हे कुणाला सांगू नकोस.

एजन्सीतली नोकरी सोडून वर्ष झालं. दिवसभर माणसाचा आवाज ऐकू येतो तो माझाच, तोही परत परत तपासताना. तुझा मला हेवा वाटतो. तुझं स्वतःचं टेबल आहे, ‘मॅडम, हे बघा ना’ म्हणणाऱ्या दोन मुली आहेत, एकोणीस वर्षांची खुर्ची आहे. तुला वाटेल, थट्टा करतेय. नाही करत.

एक गंमत मात्र आहे. व्हिडिओबरोबर मी रोज स्टोरी टाकते, ती कुणी कुणी बघितली त्याची यादी मला दिसते. तर एक कंपनी, चांगली नावाजलेली, रोज माझी स्टोरी बघते. सहाला मी टाकते, सहा वाजून दहा मिनिटांनी ती बघते. यादीत पहिलं नाव तिचं. रविवारीसुद्धा! सात महिने झाले. कधी लाइक नाही, कधी एक शब्द नाही. नुसतं बघतात. कोण ते आत्ता विचारू नकोस, दृष्ट लागेल.

तुझीच,
भिंगरी

१५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

हेवा म्हणे! इथे येऊन बस एक दिवस, मग सांग. परवा धाकट्या मालकांनी एक नवी यंत्रणा आणली. तिला कुलपाचा फोटो द्यायचा, दोन ओळी लिहायच्या आणि ती आपणहून व्हिडिओ बनवते. बनवला. त्यात सहा बोटांचा एक हात किल्ली घेऊन येतो आणि कुलपाच्या पाठीत घुसवतो. कुलूप लोण्यासारखं वितळतं. मालक म्हणाले, ‘वा, किती नैसर्गिक!’ मी म्हटलं, ‘साहेब, आपण चोराची जाहिरात करतोय का?’ दोघी मुली खाली मान घालून हसल्या. माझ्या बोलण्याला की मला, कळलं नाही.

तू त्या कंपनीबद्दल लिहिलंस ते तीनदा वाचलं. छान आहे. पण बघणं वेगळं आणि बोलावणं वेगळं. कंपन्यांमध्ये रिकामटेकडे पुष्कळ असतात. सात महिन्यांत एक शब्द लिहिला नाही म्हणतेस, त्यातच सगळं आलं. उगीच आशेवर राहू नकोस. आणि नोकरीच्या फंदात आता कशाला पडतेस? तुझं स्वतःचं नाव झालंय. माझ्यासारखं कुणाच्या हाताखाली जाऊन काय मिळणार आहे?

एक विचारायचं होतं. माझ्यासाठी नाही, आमच्याकडच्या एका मुलीसाठी. व्हिडिओत बोलू तशी खाली आपोआप अक्षरं उमटतात ना, ती यंत्रणा आमच्या ‘कडी’चं दर वेळी ‘गडी’ करते. ती अक्षरं नेमकी कुठून सुधारायची? ती बिचारी दर वेळी अख्खा व्हिडिओ पुसते आणि पुन्हा पहिल्यापासून करते. दोन महिने झाले. मला दाखवायला वेळ होत नाही म्हणून तुला विचारते.

केस कापलेस ते बरं दिसतं. मामीने फोटो पाठवला होता.

तुझी,
ताई

२८ फेब्रुवारी

लाडक्या ताई,

सहा बोटांचा हात वाचून मी स्टुलावरून पडायची राहिले. तो व्हिडिओ मला पाठव ना!

त्या मुलीला सांग, चुकलेल्या अक्षरांवर दोनदा बोट टेकवायचं, शब्द बदलायचा, झालं. एवढंच! दोन महिने अख्खा व्हिडिओ पुसत होती? अगं, शेजारी बसलेल्या दुसरीला तरी विचारायचं. ताई, रागावू नकोस, पण ती मुलगी या कामाची नाही. तुझा जीव मऊ आहे, तू सांभाळून घेतेस. पण ज्यांना विचारायचीही लाज वाटते त्यांचं या धंद्यात काही होत नाही. तिला पाकिटांवर पत्ते चिकटवायला बसव आणि मोकळी हो.

आता माझी बातमी. तू आशेवर राहू नकोस म्हणालीस, म्हणून राहिले नाही, थेट लिहूनच टाकलं. त्या कंपनीच्या मालकांनाच. म्हटलं, तुमची कंपनी आठ महिने रोज माझं काम बघते, तर एकदा भेटू या. आणि ताई, त्यांनी बोलावलंय! नऊ मार्चला, सोमवारी, अकरा वाजता.

आणि भेट तुझ्याच शहरात आहे. बाकी काही सांगत नाही. संध्याकाळी तुझ्याकडे जेवायला येते. काही विशेष करू नकोस. म्हणजे, केलंस तरी चालेल.

तुझी,
भिंगरी

११ मार्च

भिंगरी,

परवा जेवण झाकून ठेवलं होतं. तू आली नाहीस. मीही फोन केला नाही.

मला वाटलं होतं, बाहेरचा कुणीतरी सल्लागार येणार आहे. धाकटे मालक सकाळी एवढंच म्हणाले होते, ‘अकराला काचेच्या खोलीत या, एक भन्नाट माणूस येतंय.’ मी पाण्याचा ग्लास घेऊन बसले होते. दार उघडलं आणि त्यांच्यामागून तू आत आलीस. करड्या जाकिटात, हातात ती चपटी बॅग. ‘या आमच्या मार्केटिंगच्या प्रमुख,’ असं मालक म्हणाले आणि तू म्हणालीस, ‘नमस्कार मॅडम.’

मॅडम!

पुढे तू काय काय बोललीस ते सगळ्यांना फार आवडलं. माझ्या लक्षात एकच वाक्य राहिलं. ‘तुमच्या कंपनीचं खातं आठ महिने रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझी स्टोरी बघतं, एकही दिवस चुकलेला नाही.’ मालक खुर्चीत ताठ झाले. ‘आपली टीम एवढी जागरूक आहे हे मलाच माहीत नव्हतं,’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. एकोणीस वर्षांत त्यांच्या घराण्यातल्या कुणी माझं इतकं कौतुक केलं नव्हतं.

खात्याचं सगळं मुली बघतात हे मी तुला आधीच लिहिलं होतं. बघत असतील त्या, शिकायला म्हणून. त्याचा तू एवढा अर्थ काढायला नको होतास.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. मी कुठे काम करते हे तुला माहीत नव्हतं का? ज्या टेबलावर मी तुला पहिली ओळ लिहायला शिकवली ती याच कंपनीच्या कुलपाची होती. जगात दुसऱ्या कंपन्या नव्हत्या? मला एका शब्दाने विचारलं असतंस. तू सरळ मालकांना लिहिलंस, मला ओलांडून. आणि मला पत्रातून काय, तर ‘गंमत’.

तुला माझ्या खुर्चीचा हेवा वाटतो हे तू स्वतःच लिहिलं होतंस. मी ते थट्टेवारी नेलं, ही माझी चूक.

ताई

१८ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी व्हिडिओ टाकला नाही. वर्षभरात पहिल्यांदाच.

आधी ‘मॅडम’चं सांगते. दार उघडल्यावर मी तुझ्याकडेच बघितलं. ‘ताई’ म्हणायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, ‘बसा.’ मला, तुझ्या भिंगरीला, ‘बसा’! तुला ओळख दाखवायची नाही हे मला कळलं. मग मी दुसरं काय म्हणणार होते?

आणि तुला ओलांडून गेले म्हणतेस. ताई, मला काय वाटलं होतं ते ऐक, मग हस नाहीतर रड. यादीत तुमच्या कंपनीचं नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वाटलं, हे तुझंच काम. तू वर कुणाला तरी सांगितलं असशील, ‘माझी बहीण आहे, काम बघा तिचं.’ मग जानेवारीत तू लिहिलंस, मला बघायला वेळ नाही. मी म्हटलं, बघ कशी दडवतेय. हिला मला गुपचूप पुढे करायचंय आणि श्रेय नकोय. आठ महिने मी रोज सकाळी ते नाव बघून दिवस सुरू करत होते. वाटायचं, ताई पाठीशी उभी आहे. तुला आधी सांगितलं नाही, कारण तुझी बहीण म्हणून नको, कामावर घ्यावं असं वाटत होतं. मग संध्याकाळी तुझ्याकडे येऊन तुला मिठी मारायची होती.

त्या दिवशी लिफ्टपर्यंत सोडायला तुझ्या मुलींपैकी चष्मेवाली आली होती. मी तिला सहज म्हटलं, ‘रोज सकाळी तूच बघतेस का?’ ती म्हणाली, ‘छे, आम्ही पोस्ट ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून टाकतो, तिथे ते मॅडमनीच उघडून दिलंय. फोनवर ते खातं फक्त मॅडमच्याच आहे, त्या कुणाला पासवर्ड देत नाहीत.’

मी तुझ्या इमारतीखाली आले होते गं. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा दिसत होता. दहा मिनिटं उभी राहिले आणि परत गेले.

रागावून नाही विचारत, पण सांग. आठ महिने तू मला बघत होतीस तर एकदाही लाइक का नाही? एकदाही फोन करून ‘बरं होतं’ का नाही? वेळ नाही असं खोटं का लिहिलंस? आणि कंपनीच्या खात्यावरून का? एका फोनवर दोन खाती असली तर अॅप उघडलं की कामाचं खातं आधी उघडतं, नीट बघून मग बोट लावा, असा तर मी व्हिडिओच केला होता. आणि तो सगळ्यात आधी बघितलास तू. कंपनीच्या खात्यावरून.

अजून एक. अक्षरं पुसणारी ती मुलगी तू होतीस का? असशील तर मी जे लिहिलं त्याबद्दल माझी जीभ झडो.

त्यांनी मला घ्यायचं ठरवलंय. टेबल तुझ्यासमोर, पद तुझ्या बरोबरीचं, पण सोशल मीडियातला शेवटचा शब्द माझा. एकतीस तारखेपर्यंत कळवायचंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला ही नोकरी हवी आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. त्या स्टुलावर बसून माझी पाठ आणि डोकं दोन्ही गेलंय. पण तू सांगशील तसं करेन.

भिंगरी

२६ मार्च

प्रिय भिंगरी,

ती मुलगी मी होते. तुझं पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोनदा बोट टेकवलं. झालं. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि पाच मिनिटं रडले. जीभ वगैरे झडायची गरज नाही, तू खरं तेच लिहिलं होतंस. मला विचारायची लाज वाटते. माझ्या मुली चोवीस-पंचवीस वर्षांच्या आहेत. नवं काही आलं की त्या फोनवर बोटं अशी फिरवतात, जणू गाठ सोडवतायत. मी शेजारी उभी राहून ‘हो, हो, कळलं’ म्हणते. मला कळलेलं नसतं. मग सकाळी तुझा व्हिडिओ बघून मी तेच त्यांना सांगते, माझं म्हणून. आठ महिने ऑफिसात मला जे जे नवीन येत होतं ते तुझं होतं.

पण फक्त शिकायला बघत होते म्हणाले तर तेही खोटंच होईल. गेल्या जुलैत मामीने मला पहिल्यांदा तुझा व्हिडिओ दाखवला. तू बोलत होतीस आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता. वाक्य संपवताना थांबायची माझी सवय, गिऱ्हाइकाला आधी प्रश्न विचारायची माझी पद्धत. सगळं माझंच, पण तुझ्या तोंडी ते तरुण होतं. त्या दिवसापासून मला बघितल्याशिवाय राहवेना. तुला कळू नये म्हणून एक बिननावाचं खातं उघडलं. किटलीत पाणी उकळेपर्यंत, ओट्याला टेकून, रोज. मी त्याच खात्यावरून बघते असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. दोन खात्यांचा तुझा तो व्हिडिओ मी बघितला, दोनदा बघितला. पण त्या दिवशी तू केस कापले होतेस. मी केस बघत बसले.

मी काय शोधत होते सांगू? चूक. एखादा शब्द अडखळावा, एखादी माहिती खोटी निघावी, आकडा खाली यावा. हिरव्या भिंतीत काही वाईट नव्हतं. ती तुला शोभून दिसत होती. आता पांढरी केलीस तर उठाव गेला. ते माझ्या पत्रामुळे झालं आणि मला त्या दिवशी चहा गोड लागला.

अजून दोन गोष्टी आहेत. त्या ऐकल्यावर तू मला ताई म्हणावंस की नाही ते तू ठरव.

डिसेंबरात धाकटे मालक माझ्या टेबलापाशी आले आणि फोन पुढे धरून म्हणाले, ‘हे बघा, असं पाहिजे आपल्याला.’ फोनवर तू होतीस. ‘ही माझी मामेबहीण’ एवढं म्हणायचं होतं. मी म्हणाले, ‘ठीक आहे, पण वरवरचं आहे.’

आणि नऊ तारखेला, तू लिफ्टकडे गेल्यावर, त्यांनी मला थांबवून विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ मी म्हणाले, ‘हुशार आहे, पण टिकणार नाही. दर दीड वर्षाला नोकरी सोडते.’ मला हे कसं माहीत, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे. मग घरी येऊन तुझ्यासाठी जेवण केलं. मीठ वगैरे सगळं बरोबर पडलं होतं. याचंच मला सगळ्यात जास्त नवल वाटतं.

तू जुलैपासून रोज सकाळी ते नाव बघून ‘ताई पाठीशी आहे’ म्हणत होतीस हे वाचलं तेव्हा मी बसमध्ये होते. उतरायचा थांबा निघून गेला. पुढच्या दोन थांब्यांनंतर उतरले आणि चालत मागे आले.

काल मी धाकट्या मालकांच्या खोलीत गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं. ती माझी मामेबहीण आहे. आपली टीम वगैरे कुणी जागरूक नव्हतं, मी चुकून कंपनीच्या खात्यावरून तिला बघत होते. आणि टिकणार नाही म्हणाले ते असूयेने म्हणाले. तिने एकदा काम धरलं की सोडत नाही, हे मी तिच्या एकोणिसाव्या वर्षापासून बघतेय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी कडक बोलतील. ते म्हणाले, ‘म्हणजे घरचीच माणसं! मग तर फारच सोयीचं झालं.’ आणि त्यांना कुणाचा तरी फोन आला.

म्हणजे माझ्या सांगण्याने तुझं काही अडलेलं नाही. अडवलं होतं तेव्हाही अडलं नव्हतं. माझ्या शब्दाला तिथे किती वजन आहे, ते या निमित्ताने समजलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ‘तू सांगशील तसं करेन,’ असं तू लिहिलंस. मनापासून लिहिलंस, पण ताई ‘घे’च म्हणणार याची तुला खात्री होती. मलाही होती. मी तेच लिहायला बसले होते. चार कागद फाडले. दर वेळी ‘घे’ लिहिलं की मला ते टेबल दिसतं. तू समोर बसलेली आहेस. मुलींच्या खुर्च्या सरकत सरकत तुझ्याकडे गेल्यात. तुम्ही हसताय आणि मी फाइलीत मान घालून कान तुमच्याकडे लावून बसलेय. तू माझ्याशी वाईट वागशील म्हणून नाही गं. तू चांगलीच वागशील. माझ्या चुका कुणाला न कळू देता सुधारशील, बैठकीत ‘ताईंनीच सुचवलं होतं’ म्हणशील. तेच मला सोसायचं नाही.

तुझी पाठ दुखते, तुला माणसांचे आवाज हवेत, ही नोकरी तुझ्या हक्काची आहे, हे सगळं मला कळतं. तुझ्या जागी मी असते तर माझं पत्र ड्रॉवरमध्ये टाकून होकार कळवला असता. तूही तेच करशील, करायलाच हवंस. तरी एकदा मागून बघते. इथे आधी ‘तुझ्या भल्यासाठी’ असं लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं दिसतंय, दिसू दे.

भिंगरी, ही नोकरी घेऊ नकोस. माझ्यासाठी.

ताई